वेदना: दोन, तक्रार: नाही

"सिस्टर, बाबांना जुलाब लागलेत. चार दिवस झाले. थांबायची गोळी देतोय, तरी थांबत नाहीत."

सोमवारी सकाळी संजय पगारेचा फोन आला तेव्हा ओपीडी नुकती भरत होती. मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये पेन क्लिनिकची नर्स आहे. साध्या गोळ्यांना दाद न देणारं दुखणं आमच्याकडे येतं. बहुतेक पेशंट कॅन्सरचे. त्यांना आम्ही मॉर्फिन देतो. नाव ऐकून नातेवाईक दचकतात, पण नीट दिलं तर ते गुणी औषध आहे.

संजय पुढे म्हणाला, "गुरुवारी त्यांना मनमाडला आत्याकडे सोडायचंय. रविवारी घरी ऋतुजाचा साखरपुडा आहे ना. तोवर काहीतरी करून थांबवा."

"नातीच्या साखरपुड्याला आजोबा मनमाडला?"

"तेच म्हणतायत, मला तिकडे पाठवा."

मॉर्फिनवरच्या माणसाला जुलाब, हे ऐकूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मॉर्फिन दुखण्याला झोपवतं, तसं आतड्यांनाही झोपवतं. सुरुवातीची मळमळ आणि पेंग काही दिवसांत जाते. बद्धकोष्ठता मात्र मॉर्फिन आहे तोवर मुक्कामाला असते. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत देतो. त्रास होवो न होवो, ते रोज घ्यायचं.

"पोटाचं औषध चालू आहे ना?" मी विचारलं.

"हो हो, सगळं चालू आहे."

हे 'हो हो' मला चांगलं ओळखीचं आहे. दुपारी मी नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले.

पगारे काका रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी मनमाडला. आता सत्तरी उलटली. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत म्हणून गोळ्या न्यायला महिन्यातून एकदा संजय यायचा. मी विचारायचे, "दुखणं दहापैकी किती?" तो म्हणायचा, "दोन." मी लिहायचे, दोन. पुढचा रकाना 'इतर तक्रार'. तिथे लिहायचे, नाही. तीन महिने हेच, माझ्याच सुवाच्य अक्षरात. आमच्या सरांना तो दोन इतका आवडला की येत्या शनिवारी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये ते पगारे काकांची केस स्लाइडवर दाखवणार होते. दुखणं नऊवरून दोनवर.

काका कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मान घामाने भिजलेली.

"काका, दुखतंय?"

"ठीक आहे."

"दहापैकी किती?"

"आठ," त्यांनी भिंतीला सांगितलं.

मॉर्फिनच्या गोळ्या आम्ही मोजून देतो आणि घरी गेलो की उरलेल्या मोजतो. तसा नियमच आहे. मी डबा उघडून मोजल्या. गोळ्या नेऊन दहा-बारा दिवसच झाले होते, आणि चांगल्या आठवडाभराच्या गोळ्या जास्त निघाल्या. म्हणजे काका अर्ध्यापेक्षा जास्त गोळ्या घेतच नव्हते.

मग पोटाचं औषध मागितलं. संजयने कपाट उघडलं. बाटल्या ओळीने उभ्या, एकीचंही सील तोडलेलं नाही.

"संजय, हे काय?"

"सिस्टर, आधीच इतका अशक्त माणूस. त्यात जुलाबाचं औषध द्यायचं? खाल्लेलं अंगी लागायला नको? म्हणून मी इसबगोल देतो. घरगुती आहे, अपाय नाही."

मला असा राग आला की विचारता सोय नाही. बँकेत नोकरी करतो, लोकांना अटी वाचून सही करा म्हणून सांगतो, आणि घरात डॉक्टरांची चिठ्ठी मनाने बदलतो. इसबगोल वाईट नाही, पण ते पाण्यात फुगतं. भरपूर पाणी पिणाऱ्यालाच ते चालतं. काका तर दिवसाला जेमतेम दोन ग्लास पाणी प्यायचे, सारखं उठावं लागू नये म्हणून. कमी पाण्यात इसबगोल म्हणजे पोटात कणीक मळून ठेवण्यासारखं. हे सगळं मी त्याला ऐकवणार होते. पण 'नाही' लिहिणारा हात माझाच होता. मी गिळून टाकलं.

पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. संजयची बायको वैशाली, शाळेत शिक्षिका आहे. तिला विचारलं, "ताई, काका नीट संडासला शेवटचे कधी गेले?"

तिने गॅस बंद केला. "बारा दिवस झाले. आत जाऊन तास तास बसतात. घामाघूम होऊन परत येतात. आता तर नुसतं पाणी झिरपतंय. त्यांना कळतही नाही. चादरी मीच धुते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी? आणि सासऱ्यांचं हे मी कोणत्या तोंडाने काढू?"

म्हणजे जुलाब नव्हतेच. खाली सगळं कडक होऊन अडकतं आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपत राहतं. घरच्यांना वाटतं, पोट बिघडलं. मग ते थांबायची गोळी देतात. आधीच एक बूच बसलेलं, त्यावर संजयने रोज दुसरं ठोकलं होतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, पगारे काकांचा दोन खरा नाही."

"मग किती?"

"आठ."

"डोस वाढवू या."

"सर, ते डोस घेतच नाहीत. बारा दिवस पोट साफ नाही."

मग सरांनी मुद्द्याचे प्रश्न विचारले. उलट्या होतात का? पोट ताठ आहे का? गॅस सरतो का? पायांत जोर आहे का, लघवी होते का? कॅन्सर मणक्यात असला तर नसा दबू शकतात, म्हणून हे शेवटचे दोन विचारावेच लागतात. सगळं ठीक होतं. सर म्हणाले, "तपासून एनिमा द्या. थांबायची गोळी बंद."

संजयला मी बाहेर काढलं. काकांना पूर्ण डोस दिला आणि तो लागू पडेपर्यंत थांबले. हातमोजे चढवताना बघून काका म्हणाले, "तुम्ही लेकीच्या वयाच्या. तुम्हाला हे काम सांगायचं म्हणजे..."

"काका, मला पगार याचाच मिळतो. तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्या."

पुढचा दीड तास मी सविस्तर सांगत नाही. काम सावकाश करायचं असतं, घाई केली तर इजा होते. एवढंच सांगते की शेवटी काका उताणे झोपले. कितीतरी दिवसांनी झोपले असतील तसे.

"गोळ्या का सोडल्या होत्या?" मी विचारलं.

"गोळी घेतली की हे वाढतं, ते मला कळलं होतं. म्हटलं, त्यापेक्षा दुखू दे. दुखतंय म्हटलं की लोक मोसंबी घेऊन भेटायला येतात. हे सांगितलं तर काय घेऊन येतील?"

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

बाहेर आले तर ऋतुजा दारातच उभी. ऑफिसमधून अर्धी रजा टाकून आली होती. हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, आजोबा रविवारबद्दल काही बोलले का? त्यांना अक्षय पसंत नाही ना?"

तेव्हा मला उलगडा झाला. अक्षय इगतपुरीकडचा, भातशेतीवाल्या घरातला, दुसऱ्या जातीचा. दोन्ही घरांनी मोठ्या मनाने होकार दिला होता आणि दोन्ही घरं श्वास रोखून बसली होती. दहा दिवसांपूर्वी मुलाकडची मंडळी घरी आली तेव्हा काका खोलीतून बाहेरच आले नाहीत. पाहुण्यांनी अर्थ लावला, म्हातारा नाराज आहे. घरच्यांनीही तोच लावला. वर काकांनी मनमाडला जायचा हट्ट धरला.

"आजोबांचं मन नसेल तर मला नाही करायचं. मी अक्षयला सांगूनही टाकलंय, रविवार पुढे ढकलू," ऋतुजा म्हणाली आणि रडायलाच लागली.

पेशंटची गोष्ट परस्पर सांगता येत नाही. मी परत आत गेले आणि काकांना ऋतुजाचं म्हणणं ऐकवलं. ते उठून बसायलाच निघाले.

"बोलवा तिला. मीच सांगतो."

दार लोटलेलं होतं. आधी काकांचा पुटपुटल्यासारखा आवाज आला. मग ऋतुजाचा, "काय? एवढंच?" मग ती हसत होती की रडत होती, मला काही ठरवता आलं नाही.

सील तुटलं, औषध सुरू झालं. सकाळच्या चहानंतर संडासला जायचं, कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्यायचा, पाणी घोट घोट दिवसभर प्यायचं. मॉर्फिन पूर्ण डोसाने सुरू. बुधवारी काकांनी स्वतः फोन केला. आधी पोटाचं सांगितलं, मग दुखणं. "तीन. हा मी सांगतोय."

मी सरांना म्हटलं, "सर, स्लाइडवर आता तीन लिहा. आणि मधले बारा दिवसही सांगा."

सर म्हणाले, "मला आठच मिनिटं दिलीत हो." त्यांनी ती केसच काढून टाकली. दुसऱ्या एका पेशंटचा दोन लावला.

रविवारी मलाही जेवायचं बोलावणं होतं. काका पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये सोफ्यावर, पाठीला उशी. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या. मग अक्षयच्या आईने मनातलं बोलून टाकलं. "मागच्या वेळी तुम्ही बाहेर आला नाहीत. आमचं काही चुकलं का, असं वाटत राहिलं."

संजय लगबगीने म्हणाला, "अहो, बाबांना तेव्हा जरा ताप..."

"ताप-बिप काय नव्हता," काका म्हणाले. "पोट साफ होत नव्हतं. बसवत नव्हतं मला. पोरगा तर पहिल्या दिवसापासून पसंत आहे."

संजय छताकडे बघायला लागला. वैशालीने तोंडाला पदर लावला. कोणाला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात अक्षयचे आजोबा उठले, आपली खुर्ची उचलून काकांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी मांडली आणि बसले.

"दोन वर्षं झाली, गुडघ्याच्या गोळ्या खातोय," ते म्हणाले. "माझंबी हेच हाय. घरात कोणाला सांगता येत नाय. तुम्ही औषध कोणतं घेता?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. म्हाताऱ्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मॉर्फिनच्याच भाऊबंदातली होती. मग मी एका हातात जिलेबीची बशी धरून दोन्ही कुळांच्या आजोबांना पाणी, पाट आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते समजावून सांगितलं. अक्षयची आई शेजारी येऊन लक्ष देऊन ऐकत होती. निघताना अक्षयचे आजोबा काकांना म्हणाले, "लग्नाला माझ्याच शेजारी बसा."

आता गोळ्या न्यायला कोणाचा मुलगा आला की मी त्याला आकडा विचारते, पण लगेच लिहीत नाही. म्हणते, "घरी फोन लाव, आणि चादरी कोण धुतं, त्यांना दे."