देवाचा माल

दारात कुणीही उभं राहिलं की अक्का उजव्या हातातला चिमटा न सोडता डाव्या तळव्यानं शेजारची जमीन थोपटायची. "बसा की." भाजीवाला असो, पाव्हणा असो की माझ्यासारखा चांदी घेऊन आलेला व्यापारी, आधी खाली बसायचं आणि मग तोंड उघडायचं. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. मी उभ्यानं सौदा करणारा माणूस. उभा असलो तर "चाललो मी" म्हणून पाठ फिरवता येते. मांडी घालून बसलेल्या माणसानं तेच म्हटलं, तर गुडघे धरून उठेपर्यंत त्याच्या बोलण्याची धार निघून जाते. हे जितकं मला कळत होतं तितकंच तिलाही कळत होतं.

माझा तिच्यावर राग आहे हे आधीच सांगून टाकतो. ती गेली, राग गेला नाही.

हुपरीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आमच्याकडं पैंजण एका छपराखाली होत नाही. व्यापारी चांदी आणून देतो, एका घरात तिची तार निघते, दुसऱ्या घरात कड्या जुळतात, तिसऱ्या घरात त्यांचे जोड सांधणारा डाख लागतो, घुंगरू आणखी पुढच्या घरात. चुलीवर आमटी उकळत असते आणि शेजारी चांदी तापत असते. बऱ्याच बायकांकडं दोन-तीन व्यापाऱ्यांचं काम असतं. अक्का डाख द्यायची. तोंडात फुंकणी, समोर ज्योत आणि डोळे त्या जोडावर. शिवाय सगळ्या गल्लीच्या वतीनं मजुरीचा दर तीच बोलायची. हे काम तिला कुणी नेमून दिलं होतं असं नाही. तिच्यासारखं कुणाला बोलता येत नव्हतं, एवढंच.

मी कुरुंदवाडकडच्या एका खेड्यातून आलेला. घरी नांगर होता, पण तो दुसऱ्याच्या रानात चालायचा. हुपरीत पैंजण घासायला लागलो, नंतर पैंजण विकायला लागलो, आग्र्यापासून सेलमपर्यंतच्या बाजारात भाषा येत नसताना सौदे केले. कुणी एक पैसा जास्त घेतला नाही माझ्याकडून. मला राग लवकर येतो आणि तो मी आवरत नाही, कारण पुष्कळ सौदे त्या रागावरच झालेत. समोरचा घाबरतो आणि खाली येतो.

अक्का घाबरायची नाही. दिवाळीच्या आधी नवा दर बोलायला गेलो की मी बाजाराची हालत सांगायचो, मग आवाज चढवायचो, मग तिच्या आधीच्या पिढ्यांपर्यंत पोचायचो. ती कड्यांना डाख देत राहायची. माझा श्वास संपला की फुंकणी बाजूला ठेवून म्हणायची, "आण्णा, आरडाओरडा झाला असंल तर दर बोलूया."

बाहेर कड्या जुळवत बसलेल्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मी ऐकलं नाही असं दाखवायचो. तासाभरानं मी थोडा वर चढलेला असायचो, ती थोडी खाली उतरलेली असायची आणि चहा आलेला असायचा. बिनसाखरेचा. मला तसाच लागतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. घरात ज्याची चांदी असेल त्याचं नाव बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही. कुठल्या व्यापाऱ्याचा माल कुठल्या घरात आहे हे फुटलं की चोराला वाट मिळते आणि दुसऱ्या व्यापाऱ्याला नमुना मिळतो. म्हणून कुणी विचारलंच, "कुणाचा माल?" तर उत्तर ठरलेलं. "देवाचा." लहान पोरंसुद्धा हेच सांगायची.

या रीतीची राखण अक्काकडं होती. गल्लीत नवीन लग्न होऊन आलेली एक पोरगी बांगड्यावाल्याशी गप्पा मारता मारता एका व्यापाऱ्याचं नाव बोलून गेली. बांगड्यावाला साधा माणूस होता, पुढं काही झालंही नाही. पण अक्कानं त्या पोरीच्या घरचं काम थांबवलं. सासू हातापाया पडली. अक्का म्हणाली, "तोंड शिवायला वेळ लागतोय. शिवून झालं की चांदी ईल." महिन्याभरानं काम पुन्हा सुरू झालं, आणि ती पोरगी पुढं इतकी पक्की झाली की नवऱ्याचं नाव विचारलं तरी आधी इकडंतिकडं बघायची.

मग मंदी आली. चांदीचा भाव असा चढला की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून माघारी जायला लागलं. लेकीच्या पायात पैंजण घालणारी माणसं पैंजणाचा फोटो काढून जायला लागली. त्यात यंत्रावर केलेला हलका माल बाहेरून आला. मी स्वतः दोन महिने उत्तरेत फिरून भरलेल्या पेट्या तशाच परत घेऊन आलो. गल्लीत सकाळी जो बारीक ठोकठोकीचा आवाज असायचा तो बंद झाला. बायका दारात बसून राहायच्या, हात मांडीवर ठेवून. काही जणी उसाच्या भांगलणीला जायला लागल्या. ज्यांची बोटं केसाएवढी कडी पकडण्यात गेली, त्यांनी खुरपं धरलं.

त्याच सुमाराला सरकारनं योजना काढली. घरात बसून काम करणाराही कामगारच, असा नवा कायदा आला होता, आणि मंदीत काम गेलेल्या अशा कामगारांना धान्य, खात्यावर थोडी मदत आणि मोठ्या दवाखान्यात फुकट उपचाराचं कार्ड मिळणार होतं. अक्काला खोकला होता. आयुष्यभर त्या ज्योतीचा आणि धुराचा घास घेतलेला. डॉक्टरनं कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं होतं आणि खर्चाचा आकडा ऐकून ती तिथून उठून आली होती. त्यामुळं कार्डाची बातमी आली तेव्हा गल्लीला वाटलं, चला, बाकी काही नाही तरी अक्काचं काम झालं.

पाहणीला कोल्हापूरहून एक बाई आल्या. चांगल्या होत्या, उन्हातान्हात प्रत्येक दारात थांबल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, काम कुणाचं करता?

"देवाचं."

पहिल्या घरात त्या हसल्या. दुसऱ्या घरात पुन्हा विचारलं. तिसऱ्या घरानंतर विचारायचं थांबल्या. मालक नाही, म्हणजे स्वतःचा धंदा, अशी त्यांनी मोबाईलमध्ये नोंद केली. अख्खी गल्ली दुपारपर्यंत मालकीण झाली. महिन्याभरानं मदत आली ती शेजारच्या गावातल्या विडीवाल्या बायकांना. आमच्या बायकांना निरोप आला की त्या उद्योजक असल्यामुळं मदतीत बसत नाहीत, पण कर्जासाठी अर्ज करू शकतात.

हे कळलं तेव्हा मी तिथंच होतो. अक्कानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मीच शिकवलं हे." एवढंच. पुन्हा खोकला सुरू झाला.

ती बायकांना घेऊन एसटीनं कोल्हापूरच्या ऑफिसात गेली. तिथं सांगण्यात आलं की नोंद बदलता येईल, पण काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव हवं आणि त्या व्यापाऱ्यानं हो म्हणायला हवं. एवढं ऐकून व्यापाऱ्यांची बैठक बसली. नाव दिलं की कायदा आला, कायदा आला की फंड आला, बोनस आला, तपासणी आली. मंदीत हे कुणाला झेपणार? कुणीही नाव द्यायचं नाही असं ठरलं. मी बैठकीत गप्प बसलो होतो. मी गप्प बसतो तेव्हा लोक घाबरतात, पण त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्काकडं गेलो. तिनं जमीन थोपटायच्या आधीच बसलो.

"माझं नाव सांगा," म्हणालो. "मी हो म्हणतो. कार्ड काढा आणि दवाखान्यात जावा."

आयुष्यात मी कुणाला काही फुकट दिलं नाही, आणि कुणाकडून घेतलंही नाही. हे पहिलंच. त्यामुळं ती काय म्हणते याकडं माझे कान लागले होते.

"आन् बाकीच्या?" ती म्हणाली.

"बाकीच्यांचं त्यांच्या व्यापाऱ्यांनी बघावं."

"त्यांनी तर न्हाय म्हटलंय न्हवं?"

"मग त्याला मी काय करू?"

"तुमीच सगळ्यांचं मालक व्हा की आण्णा."

ती चेष्टा करत नव्हती. मी तिला समजावलं. निम्मा माल माझा नाही, ज्यांचा आहे ते पैसे मिळवणार आणि त्यांच्या बायकांचा फंड मी भरणार, हे कुठल्या हिशोबात बसतं? मग मी थोडा वर चढलो. तिच्याबरोबर ज्या फक्त माझं काम करतात त्यांना घेतो म्हणालो. ती मान हलवत राहिली. ज्या माझं काम जास्त करतात, त्यांनाही घेतो म्हणालो. माझ्या हिशोबात हे फार झालं होतं. ती जागची हलली नाही.

"सगळ्यांचं तोंड मी शिवलं," ती म्हणाली. "आता माझं एकटीचं उसवून मी कुठं जाऊ?"

मग मी भडकलो. बोलू नये ते बोललो असेन, ते इथं सांगत नाही. बाहेर कुणी हसलं नाही. माझं संपल्यावर ती दर बोलायला बसेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग," आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्या दिवशी चहा आला नाही.

तुम्ही कधी सौदा केला असेल तर तुम्हाला हे माहीत असेल, की उठून गेलेलं गिऱ्हाईक वळून येतं. दोन्ही बाजूंना थोडा वेळ लागतो, एवढंच. मी निरोपाची वाट बघितली. ती एक पाऊल खाली आली असती तर मी एक पाऊल वर गेलो असतो. एका बाईवर, दोघींवर अडलं असतं तर तेही सोडलं असतं. पण तिनं बोलणीच बंद केली. आमच्यात इतके दर ठरले, त्यात हे असं कधी झालं नव्हतं. माझं म्हणणं आजही तेच आहे की चूक तिची होती. ज्याला घ्यायचं आहे त्यानं बोलत राहायला हवं.

आली ती बातमीच, अक्का गेल्याची. कोल्हापूरला नेताना वाटेत, रिक्षातच.

मी मातीला गेलो होतो. बाकीचे व्यापारीही आले होते. सगळे गळ्यात रुमाल घालून उभे होते आणि तिच्या दराच्या आठवणी काढत होते.

यंदा पुन्हा पाहणी झाली. नवा माणूस होता, पोरगेलासा, घामाघूम झालेला. मी वसुलीसाठी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा होतो. पहिल्याच दारात त्यानं विचारलं, काम कुणाचं करता? मी पुढं सरकलो. दारातल्या बाईला मी दिसेन अशा बेतानंच उभा राहिलो. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मग त्या पोराकडं वळून तिनं एक नाव सांगितलं. ते कुणा व्यापाऱ्याचं नव्हतं. पुढच्या दारातही तेच नाव आलं, त्याच्या पुढच्या दारातही. जिचं तोंड एकदा शिवलं होतं ती पोरगी आता दोन लेकरांची आई आहे. तिनंही तेच सांगितलं, आडनावासकट. अक्काचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते इथं लिहिणार नाही.

त्या पोरानं गल्ली संपवली आणि मालकिणीचं घर कुठलं म्हणून विचारलं, त्यांची सही लागेल. एकीनं बोट दाखवलं. तो जाऊन दारापुढं उभा राहिला. कुलूप होतं. अक्काचा मुलगा कामासाठी पुण्याला गेला तो घर तसंच ठेवून. पोरानं इकडंतिकडं बघितलं, मोबाईल वर धरून कुलपाचा फोटो काढला आणि मला विचारलं, "पावणं, ह्या मालकीणबाई कधी भेटतील?"

मला उत्तर देता आलं असतं. मी गाडी सुरू केली.