दुपारच्या मालिकेतलं लग्न

दुपारच्या मालिकेत आमच्या लेकीचं लग्न लागलं आणि मी हातातले मुरमुरे अक्षता म्हणून टीव्हीवर टाकले. मंगलाष्टकं कानावर पडली की माझा हात आपोआप उठतो, त्याला काय करणार? राजापेठेतल्या शिकवणी वर्गातली नोकरी सोडून लेक नटी व्हायला मुंबईला गेली, तेव्हापासून बायको तिच्याशी बोलत नव्हती. मालिका लागली की स्वयंपाकघरात निघून जायची. त्या दिवशी मात्र ती दारात थबकली. अकोटहून आलेली माझी बहीण म्हणाली, "वयनी, पाहून घे, जवाई बरा दिसते."

बायको हसली नाही. जाहिराती लागल्यावर मला म्हणाली, "एवढ्या दागिन्यात पोरगी किती वाळलेली दिसून राहिली. फोन लावा तिले. जेवते का नाही, मीच इचारतो."