साक्षात, पण जरा उशिरा

जगात पाहणारे पुष्कळ असतात. दाखवणारा मात्र एखाद्याच युगात जन्माला येतो. पुसदला तो हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर जन्माला आला. आमच्या गल्लीतल्या काकाजींनी निरोपसमारंभातली शाल कपाटात ठेवली, मुलीचा जुना लॅपटॉप बाहेर काढला आणि प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. त्यातून जो प्रोग्राम निघाला, तो वेबकॅमसमोर घडणारं सगळं जसंच्या तसं, त्याच क्षणी जगाला दाखवणार होता. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'साक्षात'. गल्लीने तेच नाव काकाजींना ठेवलं. 'त्याच क्षणी' एवढं मात्र जमलं नव्हतं. कॅमेऱ्यातलं दृश्य इंटरनेटवर हिंडून पडद्यावर उगवेपर्यंत पाहणाऱ्याचा चहा निवत असे.

काकाजींना याची खंत नव्हती. समोरच्या घटनेपेक्षा पडद्यावरच्या घटनेवर त्यांचा विश्वास जास्त. काकू शेजारी उभ्या राहून "जेवाले चाला" म्हणत. पडद्यावरच्या काकूंचे ओठ हलेपर्यंत काकाजी ढिम्म. मग म्हणत, "हो, आलो."

"मी इथं उभी आहो ना! तिथं काय पाहून राह्यले?"

"इथलं कच्चं असते. तिथं पक्कं होऊन येते."

जन्मभर कच्ची टिपणी पक्की करून साहेबाकडे पाठवलेल्या माणसाच्या तोंडी हे मत मला सुसंगत वाटे.

उन्हाळ्यात काकूंनी गच्चीवर मुगवड्या वाळत घातल्या. वांदरांवर लक्ष ठेवायचं काम काकाजींनी आनंदाने घेतलं. म्हणजे गच्चीवर वेबकॅम लावला आणि स्वतः खाली कूलरसमोर बसले. पडद्यावर वांदर आलं तसे काठी घेऊन जिना चढले. वर फक्त कापड होतं.

"वांदर गेल्यावर दिसते, ते यंत्र कायले पाहिजे?" काकूंनी विचारलं.

"पण खाल्ल्या कशा ते किती स्पष्ट दिसलं!" काकाजी म्हणाले. ती चित्रफीत त्यांनी आम्हाला बोलावून दाखवली. वांदर खरंच स्पष्ट होतं.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर ते गणेश मंडळाच्या बैठकीत उभे राहिले. यंदाची आरती 'साक्षात'वरून जगभर दाखवायची, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ म्हणाले, "काकाजी, मोबाइलवर फुकटात होते ना."

"आपला गणपती दुसऱ्याच्या दुकानात कायले मांडता? माझा प्रोग्राम घरचा आहे."

शेवटी बंडूभाऊंनी अट घातली: एकदा गडबड झाली की लगेच मोबाइल. काकाजींनी मान डोलावली. त्या दिवसांत त्यांनी पडद्यावर न पाहता मान डोलावल्याचं हे एकमेव उदाहरण.

पहिली आरती सुरू झाली. मांडवातल्या मोठ्या पडद्यावरही तीच दिसत होती. लगेच पुण्याहून बंडूभाऊंच्या आत्याचा फोन आला. "काहून रे, भटजी डाव्या हातानं ओवाळून राह्यले? आन् उजव्या सोंडेचा बसवला, तर सोवळं कोण पाळते? तू?"

आमची मूर्ती डाव्या सोंडेची होती. मी दोनदा खात्री केली. पडद्यावर मात्र सोंड उजवीकडे होती आणि मागच्या फ्लेक्सवरचं मंडळाचं नाव उलटं. काकाजींना कारण तिथंच कळलं. ते रोज सकाळी वेबकॅमसमोर भांग पाडत. त्यासाठी दृश्य आरशासारखं उलटवणारी एक ओळ त्यांनी प्रोग्राममध्ये घातली होती, आणि ती काढायची राहिली होती.

त्यांनी खोडायला बोट उचललं, तर बंडूभाऊंनी हात धरला. उजव्या सोंडेचा, कडक, जागृत गणपती म्हणून लिंक गावोगाव फिरत होती. महागाव, दिग्रसचे लोक मांडवात येऊ लागले होते. येऊन तेही पडद्याकडेच पाहत. "राहू द्या काकाजी, मस्त चालून राह्यलं. तुमचं नाव फ्लेक्सवर टाकतो, मोठं."

जन्मभरात काकाजींचं नाव कशावर मोठं आलं नव्हतं. त्यांनी बोट खाली घेतलं.

बंडूभाऊंनी शब्द पाळला. नवा फ्लेक्स मुद्दाम उलटा छापून आणला, म्हणजे पडद्यावर सुलटा दिसेल. 'थेट प्रक्षेपण : साक्षात', आणि खाली काकाजींचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सोवळं मात्र अंगावर आलं. पोरांचा तंबाखूचा खर्रा मांडवाबाहेर गेला, वडापाव मांडवाच्या मागे. गणपती पडद्यावरचा, उपास आमचा.

काकाजींना मात्र चैन पडेना. पडद्यावर स्वतःचं नाव पाहत ते म्हणत, "नाव साक्षात, आन् दाखवतो उलटं. याले काय म्हणावं?" मी म्हटलं, "भांग." ते हसले नाहीत.

विसर्जनाच्या आधीची आरती रंगात आली होती. काकाजींनी एकदा पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं आणि ती ओळ खोडली. थोडा वेळ काहीच झालं नाही. 'साक्षात' नेहमीप्रमाणे उशिरानं चालत होतं. मग भर आरतीत, सगळ्यांच्या देखत, सोंड उजवीकडून डावीकडे गेली.

मांडवात किंकाळी उठली. "बाप्पानं सोंड फिरवली!" टाळांचा गजर टिपेला गेला. पुण्याची आत्या फोनवर रडत होती. काकाजी माइककडे धावले. "बाप्पानं नाही, मी फिरवली! एक ओळ होती, ती काढली!" मागच्या पोराने शांतपणे म्हटलं, "काकाजीच्या अंगात आलं बे." दोन बायकांनी त्यांना खुर्चीवर बसवून हळदकुंकू लावलं.

पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना सन्मानाने बोलावलं. बंडूभाऊंनी एकच विचारलं, "यंदा कितव्या दिवशी फिरवता?" काकाजींनी लॅपटॉप मिटला आणि घरी गेले. त्या वर्षापासून आरती मोबाइलवर दिसते.

आता ते मुलीकडे नागपूरला असतात. फोन केला की त्यांचं "हॅलो" अजूनही जरा उशिराच येतं. 'साक्षात' बंद आहे. सोंड फिरतानाची ती चित्रफीत मात्र लोक आजही एकमेकांना पाठवतात. सोंड फिरेपर्यंत सगळे सोंडेकडेच पाहतात; फिरल्यावर तिच्यात मागचा फ्लेक्स ठळक दिसतो. काकाजींचं नाव त्यावर संपूर्ण आहे. फक्त उलटं असल्यामुळे आजवर कोणी वाचलेलं नाही.