मामांचे दोन कार्बोरेटर

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकाही माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. कान देऊन ऐकलं ते फक्त कार्बोरेटरचं. भोसरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये हयात घालवलेला हा गृहस्थ. कुदळवाडीच्या भंगारातून त्यांनी एक विलायती दोन-सीटर स्पोर्ट्स कार उचलून आणली आणि चिखलीतल्या घराखाली, जिथे मामींना शिलाईचं दुकान काढायचं होतं, नेमकी तिथे उभी केली. मामी आपलं मशीन घेऊन शेजारी जिन्याखाली गेल्या. त्या गाडीला कार्बोरेटर दोन. हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला पाजणारी ही जोडगोळी सारखाच श्वास घेते की नाही, हे मामा शेगडीची जुनी गॅसनळी लावून ऐकत. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची ‘सूं’ तंतोतंत जुळेपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. आजूबाजूच्या वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी, म्हणून हा सोहळाही गुरुवारी. त्या दिवशी मामींनी कुकर लावायचा नाही, असा दंडक होता.

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मामांनी ना पगार विचारला, ना पत्रिका. “तुमच्या बाइकच्या प्लगचा रंग कसा असतो?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, कधी बघितला नाही. “पोरगा खोटं बोलत नाही. देऊन टाका!” प्लग दुधाच्या चहासारखा दिसला पाहिजे, काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी, हे ज्ञान मला पोह्यांबरोबरच मिळालं. कार्बोरेटरमध्ये घालायला ते शिलाई मशीनचं तेल पळवत, आणि आतून मामींचा आवाज येई, “माझं मशीन कोरडं, आणि हिचे लाड चाललेत!”

गेल्या वर्षी पिंपरीतल्या एका व्यापाऱ्याने आपली तसलीच जुनी गाडी मामांकडे आणली. तीन गुरुवार मामा स्क्रू फिरवत राहिले, गाडी धक्के देत राहिली. चौथ्या गुरुवारी त्यांनी नळी खाली ठेवली. व्यापारी समोरच उभा होता, मीही होतो.

“गाडीत दोष नाही, राव. माझा कान गेला. दुसरा माणूस बघा.”

तेवढ्यात मामी जिन्याखालून उठून आल्या आणि नळी उचलून त्यांनी कानाला लावली. “पुढचा जास्त ओढतोय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तीस वर्षं जिन्याखाली बसून दुसरं काय ऐकलंय मी?” मामी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या. “फिरवा. थोडा... अजून थोडा. बास!”

तासाभराने इंजिन शांत लयीत चालू लागलं. मामांचा अर्थात विश्वास नव्हता. गाडी देहूपर्यंत पळवून आणली, प्लग काढून उन्हात धरला, आणि दुधाच्या चहासारखा दिसणारा तो प्लग मामींच्या हातात दिला. आयुष्यात एवढी तारीफ त्यांनी कुणाचीच केलेली नाही.

आता दर गुरुवारी मामी ऐकतात, मामा फिरवतात. परवा मी पोचलो तेव्हा काम आटोपलं होतं. बॉनेट बंद होतं आणि त्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हलत नव्हतं, इतकं इंजिन संथ चाललं होतं. मामा गाडीकडे बघत मला म्हणाले, “जावईबापू, चालू आहे ना हो?”

मी काही म्हणायच्या आत मामींनी त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला.