निरंक

कौसाबाई हजेरी तोंडानं घेत नसत, पळीनं घेत. खिचडी शिजली की पातेल्याच्या काठावर पळीचे दोन ठोके मारायच्या आणि चुलीपाशी बसूनच माना मोजायच्या. अठरा माना वळल्या की अठरा पोरं हजर. मी त्यांच्या अंगणवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हा हा प्रकार बघून माझं डोकंच फिरलं. मी नवी पर्यवेक्षिका, राणीसावरगावकडच्या अंगणवाड्यांचं बीट नुकतंच माझ्याकडे आलेलं, आणि ही सेविका नोंदवही मांडीखाली घेऊन पळी वाजवतेय. मी व्हिजिट बुकात शेरा ओढला : हजेरी नोंदवहीवरून नाव पुकारून घ्यावी.

त्यांनी शेरा शांतपणे वाचला, खाली मोठ्या अक्षरात सही केली आणि म्हणाल्या, "घेऊ की मॅडम. पण नाव घेतलं की लेकरू नुसतं हजर म्हणतंय. भुकेलंय का तापलंय, ते कुठं सांगतंय? पळीला सांगतंय बगा. ज्याची मान उशिरा वळली त्याच्या कपाळाला हात लावावा." मला वाटलं, बाईला शहाणपणा लय आहे. हो, लय. परभणीत जन्म गेला माझा, कागदावर कितीही शुद्ध लिहिलं तरी मनात शब्द तोच येतो.

दिसायला कौसाबाई उंच, हाडकुळ्या. पदर कायम कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दहावी त्यांनी दोन लेकरं झाल्यावर बाहेरून दिली होती. मदतनिसाचं पद कित्येक वर्षं रिकामं, म्हणून शिकवणं, झाडणं, खिचडी सगळं त्याच करायच्या आणि वर आम्हाला माहिती द्यायच्या. आम्ही माहितीला फार जपायचो. पोरं काय, येतात नि जातात.

त्या अठरांत एक मान वळेना. गौरी तिचं नाव, वय तीन. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पोर आजीजवळ राहायची. आजी म्हणायची, हिचा बाप बी उशिरा बोलला. गावात कुणी मंद म्हणायचं, कुणी हट्टी. कौसाबाईंनी एक दिवस तिच्या पाठीमागे उभं राहून पातेलं वाजवलं. गौरी आपली बाटल्यांची झाकणं रचत बसली होती, रचतच राहिली. मग बाईंनी ती बसली होती त्या पाटावर टाच आपटली, तर पोर गर्रकन वळली आणि हसली. पुढच्या भेटीत मला त्यांनी हे पुन्हा करून दाखवलं. म्हणाल्या, "डोकं चांगलं हाय मॅडम. कानाचं काम पायानं करायलीय."

त्यांच्या घराला लोखंडी दार बसलं होतं आणि लिंबाच्या लाकडाचं जुनं दार गोठ्यात पडून होतं. ते दार त्यांनी गडी लावून अंगणवाडीत आणलं आणि मधोमध जमिनीवर आडवं टाकलं, खाली दोन फळकुटं देऊन. पोरं चारी बाजूंनी बसायची, पाय तेवढे दारावर. बाई एकेकाकडे बोट करायच्या आणि ते पोर टाच आपटून हजेरी द्यायचं. सगळ्यांनीच टाच आपटायची, एकट्या गौरीनं नाही. गाणीही दारावर ठेका धरून, हातवारे करून. गौरीशी बोलायचं तर आधी तिच्या समोर जाऊन बसायचं आणि मग तोंड उघडायचं, हा नियम तर चार वर्षांच्या पोरांना इतका अंगवळणी पडला होता की ती घरी आईशीही तशीच बोलायला लागली. एकाचा बाप तक्रार घेऊन आला, "बाई, आमची पोरं मुकी करायलाव का?" कौसाबाई तांदूळ निवडत होत्या, मानही वर केली नाही. "तुमचं लेकरू घरी लय बोलतंय, ऐकायला यायलंय आमाला. हितं दोन घंटे हात हालवलं तर हात काय झडत न्हाई."

सहा महिन्यांत गौरी भांडू लागली, खोड्या काढू लागली, खिचडी वाढायला पुढे येऊ लागली. कुठल्या प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं. उलट प्रशिक्षणं मी घेत होते, आणि मला ते येत नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. उगाच लांबवण्यात अर्थ नाही.

महिनाअखेरीला अहवाल जायचा. मोबाईलवर भरून झालं तरी आमच्या कार्यालयाला कागदही लागायचा, आणि कागदावर रकाना रिकामा ठेवलेला चालत नसे. जिथं काही नाही तिथं निरंक लिहायचं. साथीचे रोग निरंक, तक्रारी निरंक. 'दिव्यांग बालके' या रकान्यातही माझ्या सगळ्या बीटात निरंकच असायचं. त्या महिन्यात कौसाबाईंनी तिथं एक लिहिला.

बैठकीत सगळ्या सेविकांसमोर मी विचारलं, "प्रमाणपत्र आहे का?"

"कशाचं?"

"बहिरेपणाचं."

"मॅडम, ती ऐकत न्हाई, हे मी सांगायलेय. कागद कोण देईल तिला?"

"शिबिरात मिळतो. शिबिर लागलं की कळवू. तोवर निरंक लिहा."

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

त्यांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "अन् मंग रोज दारावर कोण बसायलंय?"

बाकीच्या सेविका हसल्या. मला राग आला. आकडा टाकला की तालुक्याहून फोन येतो, प्रमाणपत्राची झेरॉक्स मागतात, ती नसली की अहवाल परत. माझ्या बीटाचा अहवाल कधी परत आलेला नव्हता, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. मी कागद ओढला, त्या एकावर व्हाइटनर लावलं, फुंकर घालून वाळवलं आणि माझ्या अक्षरात निरंक लिहिलं. कौसाबाई बघत बसल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून त्या स्वतःच लिहू लागल्या.

कानाचं शिबिर कुठल्या गावांना कळवायचं ते याच अहवालांवरून ठरत होतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंही नव्हतं. प्रमाणपत्र शिबिरात, शिबिराचं बोलावणं आकड्यावरून आणि आकडा प्रमाणपत्र बघून. गौरी या गोल चकरात तीन वर्षं बसून राहिली. पाय दारावर ठेवून.

मध्ये एकदा वरचे साहेब भेटीला येणार म्हणून निरोप आला. मी आदल्या दिवशी जाऊन सांगितलं, दार बाहेर काढा, सतरंजी टाका, साहेबांना हे बरं दिसणार नाही. कौसाबाईंनी काढलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नावं पुकारली, पोरं हजर सर म्हणत गेली आणि गौरीचं नाव आलं. ती सतरंजीवर मांडी घालून बसली होती, सारखी पायाखाली हात फिरवून दार शोधत होती. साहेबांनी पुन्हा नाव घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ही बोलत का नाही?"

खरं सांगायला याहून चांगली वेळ कुणाला मिळते? साहेब विचारत होते. भले गृहस्थ होते, खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं फोन लावला असता त्यांनी. पण माझ्या फायलीत निरंक होतं. मी म्हटलं, "लाजाळू आहे सर."

साहेब हसले, गौरीच्या गालाला हात लावून पुढे गेले. कौसाबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. गाडी गेल्यावर त्यांनी एकटीनं ओढत ओढत ते दार आत आणलं. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, साडी खराब व्हईल."

गंगाखेडला शिबिर लागलं ते त्यांना दुसऱ्या गावच्या सेविकेकडून त्याच सकाळी कळलं. गौरीला कडेवर घेऊन, एक जीप, एक एसटी करून त्या पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. नोंदणीच्या टेबलावर कोण होतं? मीच होते. माझ्यापुढे छापील यादी होती आणि तीत त्यांचं गाव नव्हतं. पलीकडे डॉक्टर सामान आवरायला लागले होते. गौरी पाच वर्षांची झाली होती, बाईंच्या कडेवर मावत नव्हती.

"यादीत नाव नाही, कौसाबाई."

"मॅडम, तुमी वळखता की तिला."

"ओळखते हो. पण यादी वरून आलीय. पुढच्या शिबिराला मी स्वतः नाव घालते."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मागे रांग होती, मी पुढचं नाव पुकारलं. उठून चार पावलं जायचं होतं, डॉक्टरांना म्हणायचं होतं की एवढं एक लेकरू बघा. मी उठले नाही. का उठले नाही याचं उत्तर मी कित्येकदा स्वतःला विचारलंय आणि प्रत्येक वेळी तेच येतं. उठायची सवय नव्हती.

पुढचं शिबिर लागलंच नाही. शेवटी माझं मन खाऊ लागलं म्हणून मीच दोघींना परभणीला दवाखान्यात घेऊन गेले. तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, वैतागलेले होते. म्हणाले, अगदी लहान असताना आणलं असतं तर ऑपरेशन करून बोलायला शिकवता आलं असतं. आता मशीन देतो, ठोके ऐकू येतील, शब्द येणं अवघड आहे. मग त्यांनी विचारलं, "अंगणवाडीत जात होती ना? तिथं नोंद नव्हती का?"

कौसाबाई म्हणाल्या, "व्हती की. निरंक म्हणून नोंद व्हती."

त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी धरला. मी भेटीला गेले की दारातूनच सुरू. "या मॅडम, चहा करते, दूध निरंक हाय." पाऊस कसा आहे तुमच्याकडे? "निरंक." मदतनीस मिळाली का? "निरंक मॅडम, तुमची किरपा." सगळं हसत हसत. दुसऱ्या सेविकांना वाटे, काय विनोदी बाई आहे. मला प्रत्येक वेळी व्हाइटनरचा वास यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, पुरे आता. त्या म्हणाल्या, "तुमीच शिकवला की शब्द. आमी अडाणी, एक शब्द घावला तर किती दिस पुरवावा लागतो."

गौरी सहा वर्षांची होऊन शाळेत गेली. तिथं मी एकदा चौकशी केली. गुरुजी म्हणाले, फार शांत मुलगी आहे, तिचा काही त्रास नाही. शाळेत जमिनीवर फरशी आहे. टाच आपटून तिथं काही कळत नाही.

वय झालं, कौसाबाईंची सेवा संपली. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्यावर भाषण केलं, नारळ आणि साडी दिली. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, मोबाईल भराभर चालवते. तिनं पहिल्याच आठवड्यात दार बाहेर काढलं, पावसात ठेवलं आणि मग कुणीतरी सरपणाला नेलं. तिला तरी काय म्हणू? हजेरी नाव पुकारून घ्यावी, हा व्हिजिट बुकातला माझा जुना शेरा वाचूनच तिनं काढलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी कळलं की त्या आजारी आहेत, सोनपेठला लेकीकडे आहेत. मी गेले. बाजाराचा दिवस होता, लेक भाजी घ्यायला गेली होती. कौसाबाई खाटेवर अगदी एवढ्याशा झाल्या होत्या, चष्म्याची दोऱ्याची काडी मात्र तशीच. पोटाचं दुखणं होतं आणि पंधरा दिवसांनी त्या गेल्याच. मला बघून उठायला लागल्या, मी दंडाला धरून निजवलं.

मी काही विचारायच्या आधीच त्या गौरीचं सांगू लागल्या. शाळा सुटल्यात जमा आहे, आता आईबापासंगं तोडीला जाते. धाकटा भाऊ झालाय, त्याला सांभाळते. "फडाच्या कडंला बसती त्याला घिऊन. मशीन कवाच बिघडलं, रडलेलं ऐकू येत न्हाई, मंग त्याच्या छातीवर हात ठिऊन बसती दिसभर. रडलं की हाताला कळतंय." मग म्हणाल्या, "दारावर शिकली व्हती ती."

मला रडू आलं. त्यांच्यापुढे रडायचा माझा हक्क नव्हता, पण आलं. मी म्हटलं, "कौसाबाई, तो एक मी खोडला."

"म्हाईत हाय की. समोरच बसले व्हते मी."

"साहेबांसमोरही मी खोटं बोलले. शिबिरात तुम्हाला परत पाठवलं ते पण मीच."

त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. बाहेरून भाजीवाल्यांचा कालवा येत होता. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं, "राग आहे का हो माझ्यावर?"

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"निरंक," म्हणाल्या. "तसंच लिवा, मॅडम."