गाईचा घास आणि काचेतलं शेवाळ

बायांनो, आज कशात जीव लागंना, म्हणून लिहितेय.

आमच्या सुरेशनं, माझ्या लेकानं, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची पेटी ठेवलीया. त्यात रंगीत मासे आणि समुद्रातली जिवंत पोवळी. पण पोवळ्यांवर शेवाळ चढतंय. सकाळी त्यानं परत ब्रशनं घासलं, पाणी बदललं. मग म्हणाला, "आई, ह्यात कोण काय टाकतंय का?"

मी कौतुकानं सांगितलं, "मी की."

ऐंशी सालाच्या सुमाराला गावाकडं, सांबऱ्यात, आमच्या दारात गाय होती. पहिला घास तिचा. इथं बेळगावात तिसऱ्या मजल्यावर गाय कुठली? म्हणून भाताचा घास माशांना घालते. मला बघून काचेशी येतात गं, लई गोड दिसतात.

सुरेश खालीच बसला. "आई, तो भात तळाला कुजतोय. त्यावरच शेवाळ पोसतंय. पोवळी गेली आता."

"मग उद्यापासून न्हाय घालत."

"आता बंद करूनबी ती परत न्हाय यायची."

दुपारी सवयीनं घास काढला, तो हातातच राहिला. मासे काचेशी येऊन थांबलेले.

तुमच्या दारात गाय न्हाय, तर तुम्ही पहिला घास कुणाला घालता गं?