गुलाबी इंजिन

आमच्या ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, पण जीव सगळा जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांत. कपाटात डबे नि रूळ, माझे कपडे खुर्चीवर. त्यातही एका गुलाबी इंजिनाने ह्यांना पछाडलंय. कंपनीने ते खास मुलींसाठी काढलं, मुलींनी ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून फार बनलीच नाहीत. आता जो तो त्याच्याच मागे! सुट्टीत कुठेही जा, हे भंगाराच्या ढिगात आणि मी पिशव्या सांभाळत दारात उभी.

परवा माझ्या नणंदबाई आल्या. भावाचं रडगाणं ऐकता ऐकता त्यांनी कपाटात मागे ढकललेलं काळं इंजिन बाहेर ओढलं. दोघांच्या लहानपणचं ते, वेडावाकडा रंग फासलेला, म्हणून ह्यांनी कधी हातात धरलं नव्हतं.

"हेच की ते! माझ्या वाढदिवसाला बाबांनी आणलेलं. इंजिन कधी गुलाबी असतं का? मीच काळं केलं, तू तेव्हा पाळण्यात होतास."

ह्यांनी चाकाजवळ नखाने खरवडलं. खाली गुलाबी! मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं काखेत कळसा आणि पायपीट माझी!

हे रंग काढायचं औषध आणायला धावले, तशा नणंदबाई कडाडल्या, "खबरदार! कुठला रंग हवा, हे तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं."

आणि ते काळं इंजिन पिशवीत घालून त्या चालू लागल्या.